चिठ्ठीवर दोघांची नावं लिहा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मोठ्या रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना नाही. एक बाकडं, एक पडदा आणि एक कंपाउंडर एवढ्यावर अख्खी गल्ली सांभाळणाऱ्या तुम्हाला आहे. विटावा, कळवा, खारेगाव, दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वागळे इस्टेट, लोकमान्यनगर या पट्ट्यात ‘मूल होत नाही’ हे वाक्य घराबाहेर पहिल्यांदा उच्चारलं जातं ते तुमच्या टेबलासमोर. वंध्यत्वतज्ज्ञ फार पुढे येतो. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर काही वर्षं गेलेली असतात, एखादा दागिना गेलेला असतो आणि नवरा-बायकोंचं एकमेकांशी बोलणंही बरंचसं आटलेलं असतं.

मी विटाव्याची. माझं घर ठाण्यात, नोकरी महाप्याला, नवऱ्याची रबाळे एमआयडीसीत. या रांगेत आम्ही दोघं बरीच वर्षं उभे होतो. मूल झालं की नाही ते मुद्दामच लिहीत नाही. झालं म्हटलं की लोक पेढे मागतात, नाही म्हटलं की हळहळतात, आणि दोन्हीत मूळ मुद्दा बाजूला पडतो.

तुमच्याकडे काय घडतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी एकदा आमच्या बाजूने बघा. सासूबाई सुनेला घेऊन येतात. “लग्नाला दीड वर्ष झालं, अजून काही नाही.” तुम्ही बीपी बघता, हिमोग्लोबिन लिहून देता, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या देता आणि गायनॅककडे चिठ्ठी देता. चिठ्ठीवर नाव सुनेचं. बस, आरोपी कोण ते ठरलं. आता सोनोग्राफी तिची, थायरॉइड तिचं, अंडाशयात अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारं एएमएच तिचं, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला गर्भाशयात रंग सोडून काढायचा एक्स-रे तिचा. नवरा खाली गाडीवर बसून मोबाइल बघतोय. वाईट माणूस नाही तो. त्याला आत कुणी बोलावलंच नाही.

आणि वैद्यकशास्त्र काय सांगतं? वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी सुरू करायची. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. तपासणी दोघांची, आणि एकाच वेळी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. त्याची पहिली तपासणी म्हणजे वीर्यतपासणी. सुई नाही, भूल नाही, पोटावर जेल नाही, आणि पैसे बघाल तर तिच्या एकट्या एएमएचपेक्षा कमी. एवढी सोपी तपासणी यादीत शेवटी का असते, याचं वैद्यकीय उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. जे उत्तर आहे ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आमच्याकडे नवऱ्याची तपासणी झाली तेव्हा माझी फाइल चांगली जाड झाली होती. ती तपासणी कशी झाली तेही सांगते, कारण यात तुमच्या कामाचं काहीतरी आहे. लॅबमधली ‘खोली’ म्हणजे तिथला संडास, कडी तुटलेली, बाहेर रक्त द्यायला आलेल्यांची रांग. त्याला जमलं नाही. कुणालाही जमलं नसतं. लॅबवाला म्हणाला, घरून आणा, पण तासाभरात पोचवा आणि गार होऊ देऊ नका. पावसाळ्याचे दिवस, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलेलं, रिक्षा जागच्या जागी. हा डबी शर्टाच्या आत पोटाशी धरून बसलेला. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, “पोटात दुखतंय का, साहेब?” हा म्हणाला, हो. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून जे हसलो, तसं त्या सगळ्या काळात फार वेळा हसलो नाही. रिपोर्टमध्ये संख्या कमी आली. नमुना किती वेळाने पोचला याची नोंद त्यावर नव्हती. आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पुढे एका शहाण्या डॉक्टरांकडून कळलं की एका रिपोर्टवर निकाल लावायचाच नसतो. नमुन्याआधी दोन ते सात दिवसांचं अंतर हवं. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून मधे टायफॉइड, डेंगी, मोठा ताप काही होऊन गेला असेल तर तेवढे दिवस थांबून पुन्हा तपासायचं. माझा नवरा भट्टीजवळ काम करतो. सततच्या उष्णतेचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो, हे त्याला कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही कुठल्या दवाखान्यात कुणी ‘काम काय करता’ असं विचारलं नव्हतं. अंडकोषातल्या शिरा फुगल्या आहेत का ते हाताने तपासूनही बऱ्याचदा कळतं. हे सगळं सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तुम्ही सांगू शकता, तेही नेहमीच्या फीमध्ये.

गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रकार वाढलाय. जिममधली पोरं. दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात आणि समजतात की याने मर्दानगी वाढते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू आतला कारखाना बंद करायला सांगतो आणि शुक्रजंतू शून्यावरही जाऊ शकतात. बहुतेकांचं इंजेक्शन थांबवल्यावर महिन्यांनी पूर्ववत होतं. काहींचं फार रेंगाळतं. ही पोरं तुमच्याकडे अॅसिडिटीची गोळी मागायला येतात तेव्हा दंड बघूनच ओळखा. गुटखा आणि सिगारेट तर तुम्ही वासावरूनच ओळखता.

बायकांच्या बाबतीतही तुमच्या हातात पुष्कळ आहे. पाळी दोन-दोन महिन्यांनी येणाऱ्या पीसीओएसच्या, म्हणजे हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न फुटणाऱ्या, मुलींना थेट आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करायच्या उपचाराच्या, जाहिरातीकडे बघायला लागतं, असं व्हायला नको. अंडं फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या साध्या गोळ्या आहेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यायच्या आणि खर्चाला परवडणाऱ्या. अनेकींचं काम तेवढ्यावर होतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन वेळेत बघितलं तर वर्ष वाचतं. फॉलिक अॅसिड दिवस जायच्या आधीपासून घ्यायचं असतं, हे आमच्या ऑफिसातल्या शिकलेल्या मुलींनाही माहीत नसतं.

आणि टीबी. हा शब्द मी जरा मोठ्याने लिहितेय. फुप्फुसाचा नव्हे, जननमार्गाचा. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक महत्त्वाचं कारण आहे, आणि खोकला नाही, ताप नाही, बाई धडधाकट, असं असतानाही तो आत बसलेला असू शकतो. दहा बाय दहाच्या खोल्यांतून माणसं राहतात अशा वस्त्यांत तुमचा दवाखाना आहे. घरात आधी कुणाला टीबी होता का, हा प्रश्न तुमच्याइतक्या सहज कुणी विचारू शकत नाही. औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. पण नळी एकदा चिकटून खराब झाली की औषधाने टीबी जातो, नळी परत येतेच असं नाही. म्हणून हा प्रश्न पहिल्या भेटीत हवा.

आता पडद्याबद्दल.

आयव्हीएफ करणाऱ्या बाया केंद्रात जातात ते स्कॅनला आणि अंडी काढायला. रोजची इंजेक्शनं त्या घेतात कुठे? तुमच्याकडे. घोडबंदर रोडच्या किंवा वाशीच्या सेंटरला रोज एका सुईसाठी जाणं नोकरी करणाऱ्या बाईला झेपत नाही. सुरुवातीची पोटातली काही जणी घरीच टोचून घेतात. भ्रूण आत सोडायच्या आधीपासून प्रोजेस्टेरॉनची सुरू होतात, ती तेलातली, कमरेखाली घ्यायची. घट्ट औषध, जाड सुई, दोन दिवसांत तिथे गाठी. बसलं तरी दुखतं, आणि महाप्याची बस म्हणजे खड्ड्यांचा हिशोबच. रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं, दुसऱ्या दिवशी बाजू बदलायची.

मी ज्या दवाखान्यात ही घ्यायला जायचे तिथला कंपाउंडर मनाने चांगला होता, आवाज मात्र गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. “ताई, हे कसलं रोज रोज? किती बाकी आहेत अजून?” बाकड्यावर आमच्याच चाळीतल्या तिघी. रात्रीपर्यंत अख्ख्या मजल्याला कळलं. मग चौकशा, मग एका मावशींनी आणलेला अंगारा, मग कुणीतरी सुचवलेला ‘गॅरंटीचा’ काढा. त्या बायका वाईट नाहीत. त्यातल्याच एकीने माझी रेशनची पिशवी महिनाभर वर आणून दिली. पण कुणाला सांगायचं आणि कधी सांगायचं हे ठरवायचा अधिकार माझा होता आणि तो त्या पडद्याआडून उडाला. डॉक्टर, कंपाउंडरला एवढंच सांगा की इंजेक्शनचं नाव वाचायचं, मारायचं, गप्प बसायचं. आणि जमलं तर अशा बायकांना दवाखाना उघडायच्या पाच मिनिटं आधी बोलवा.

पैशाविषयी लिहायलाच हवं. एक पूर्ण आयव्हीएफ सायकल खासगीत दीड-दोन लाखांच्या आत क्वचित बसते आणि बहुतेक आरोग्य विम्यांत तिला जागा नाही. पॉलिसीच्या मागे वगळलेल्या गोष्टींची जी ठरलेली यादी असते, तिच्यात 17व्या क्रमांकाला वंध्यत्व आणि नसबंदी एकाच कलमात बसवलेत. मूल नको असलेले आणि मूल हवं असलेले, दोघांनाही एकाच दारातून बाहेर. मग पैसे येतात पतपेढीतून. आमच्या कर्जाच्या अर्जावर कारण ‘घरदुरुस्ती’ असं आहे. पतपेढीच्या मॅनेजरलाही ते खोटं आहे हे कळत होतं. त्यानेच तसं लिहा म्हणून सुचवलं.

सेंटरने सांगितलेलं ‘पॅकेज’ ऐकून आम्ही हो म्हणालो. इंजेक्शनं त्यात नाहीत, हे नंतर कळलं. भूलतज्ज्ञाची फी नाही, उरलेले भ्रूण गोठवायचे त्याचे वेगळे, ते ठेवायचं वर्षाचं भाडं वेगळं. यात फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. विचारलं तेव्हा प्रत्येक गोष्टीची पावती मिळाली. पण काय विचारायचं हे माहीत असायला हवं ना? सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान नियमनाचा कायदा 2021 साली झाला, 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की उपचाराआधी क्लिनिकने जोडप्याचं समुपदेशन करायचं आणि यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम, धोके सगळं सांगायचं. तक्रार निवारण कक्षही ठेवायचा. केंद्राची नोंदणी सक्तीची. उपचारासाठी बाईचं वय 50 पर्यंत, पुरुषाचं 55 पर्यंत. दुसरीची अंडी घ्यायची वेळ आली तर तीही नोंदणीकृत अंडी-वीर्य बँकेतूनच, आणि ती देणारी बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते. हे मला कायदा शोधून वाचल्यावर कळलं. तुम्ही चिठ्ठी देतानाच म्हणू शकता: नोंदणी क्रमांक बघा, खर्च लेखी मागा, तुमच्या वयाच्या बायकांचा निकाल विचारा. सगळ्या वयांची सरासरी सांगून दिपवणं सोपं असतं. तिशीतल्या बाईचा निकाल आणि बेचाळिशीतल्या बाईचा निकाल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तरुण बाईचीसुद्धा एका सायकलमध्ये कूस उजवेलच असं नाही. जाहिरातीतल्या गुबगुबीत बाळाखाली हे कुणी छापत नाही.

इथे एक कडू गोष्ट येते. कट. रुग्ण पाठवला की पाकीट, ही गोष्ट या राज्यात इतकी उघड आहे की 2017 साली सरकारला कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करावा लागला. सगळे डॉक्टर घेतात असं मी म्हणत नाही. माझ्या माहितीतले दोघे तर अशी पाकिटं परत पाठवणारे आहेत. पण इतर आजारांत कट म्हणजे बिलात चार पैसे वाढणं. इथे त्याचा अर्थ असा की ज्या जोडप्याला गोळ्यांनी किंवा साध्या आययूआयने, म्हणजे वीर्य नळीने गर्भाशयात सोडून, दिवस जाऊ शकले असते, ते थेट सगळ्यात महागड्या टेबलावर जाऊन पडतं. तुम्ही पाठवलंत म्हणून आम्ही गेलो. तिथल्या कुणाला आम्ही ओळखत नव्हतो. ओळखत होतो ते तुम्हाला.

उलट टोकाचंही ऐकून घ्या. काही डॉक्टर अजून ‘टेस्ट ट्यूब’ म्हटलं की नाक मुरडतात, देवावर सोडा म्हणतात, टेन्शन घेऊ नका म्हणतात. शास्त्रीय नोंदींसह जगापुढे आलेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, हर्षा, 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलं. कुठे? परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. त्याच्याही आधी, 1978 साली, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ते करून दाखवलं होतं आणि त्यांच्यावर तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणजे हे काही कालपरवा मॉलशेजारी उगवलेलं फॅड नाही. पुरुषाचे शुक्रजंतू अगदी मोजके असले तरी एक निवडून थेट अंड्यात सोडायचं इक्सीचं तंत्र 1992 पासून जगात आहे. ज्याला त्याची खरंच गरज आहे त्याला ‘बघू, होईल’ करत अडवून ठेवणं म्हणजे बाईचं वय खर्च करणं. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य तर कृपा करून बंदच करा. बंद नळी टेन्शनने बंद झालेली नसते आणि हसत राहिल्याने उघडत नाही.

सायकल फसते तेव्हाचं शेवटी लिहिते. दिवस गेलेत का ते सांगणारा रक्ताचा बीटा रिपोर्ट येतो, आकडा नसल्यात जमा, सेंटरमधून फोन येतो की औषधं बंद करा, पाळी येईल, पुढच्या महिन्यात भेटा. ती ‘पुढच्या महिन्यात भेटा’पर्यंतची मधली जागा तुमची आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं की ताप येतो. खराखुरा, थर्मामीटरवर दिसणारा नव्हे. पण बाई येते तुमच्याकडे तापाचंच नाव सांगून. तिला गोळी देऊन पाठवू नका. दोन मिनिटं विचारा. मन फारच खचलेलं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी द्या, तशीच सहज, जशी एक्स-रेची देता. आणि कधीकधी थांबायला सांगणारंही कुणी लागतं. सेंटर थांबा म्हणत नाही, घरचे म्हणत नाहीत, नवरा-बायको एकमेकांना म्हणायला घाबरतात. बारा-पंधरा वर्षं तुमच्या हातून औषध घेतलेलं असतं. तुम्ही म्हणालात की “आता काही महिने काही करू नका, हवापालट करून या,” तर सासूबाईसुद्धा ऐकतात.

राहता राहिला प्रश्न नवऱ्याला टेबलापर्यंत आणायचा. ‘त्यांना पाठवा’ असा निरोप बायकोकडून देऊ नका. तो निरोप घरी पोचेपर्यंत भांडण झालेलं असतं. नवरे तसेही तुमच्याकडे येतात. कंपनीच्या फिटनेस सर्टिफिकेटला येतात, गणपतीत ढोल वाजवून खांदा दुखला की येतात, रात्री साडेनऊला पित्त झालं म्हणून येतात. तेव्हा बसवून घ्या. लग्नाला किती झाली, मुलं किती, हवंय का, एवढं विचारा आणि तपासणीची चिठ्ठी त्याच्या हातात, त्याच्या नावाने द्या. माझ्या नवऱ्याला ती पहिल्या वर्षीच मिळाली असती तर तो गेला असता. त्याने मला तसं सांगितलंय, आणि हे पत्र पाठवायच्या आधी वाचून ते वाक्य ठेव म्हणालाय.

आपली,
विटाव्याची एक पेशंट